झेहरा गाडीतून उतरते तेव्हा

बॉस्टनहून परत आलो आणि आमच्याच दारासमोर श्रीधरची गाडी बर्फावरून घसरून शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर जाऊन थांबली, तेव्हा नेजातबे खिडकीतून डोकं बाहेर काढून समाधानाने म्हणाले, "पाहिलंत? परत आलात."

तो बर्फ आकाशातून पडलेला नव्हता, त्यांनीच तयार केलेला होता. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमची पहिली ओळख झाली. शेजारच्या टाउनहाउसची वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. चहा पिताना आम्ही सकाळी बॉस्टनला निघणार असल्याचं सहज बोलून गेलो. सकाळी गाडी सुरू झाली आणि हे गृहस्थ पायजमा, ओव्हरकोट आणि टाय अशा वेषात खाली आले. हातात पाण्याने भरलेला जग होता. गाडी हलताच त्यांनी तो मागे रस्त्यावर रिकामा केला. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओतायचं, म्हणजे तो पाण्यासारखा जातो आणि पाण्यासारखा परत येतो, अशी त्यांच्याकडची पद्धत. पद्धत जिथे जन्मली तिथे जानेवारीत काय करतात कोण जाणे. न्यू जर्सीत त्या पाण्याचं जे व्हायचं ते झालं.

"तुमचा यावर विश्वास आहे?" मी विचारलं.

"अजिबात नाही," नेजातबे म्हणाले. "मी समाजवादी आहे. पण पाणी ओतायला विश्वास लागत नाही, जग लागतो."

माझा नवरा श्रीधर म्हणाला, "हे सगळं इन्शुरन्सवाल्याला कसं एक्स्प्लेन करणार, यार?"

त्यांचं नाव नेजात. 'बे' हा आपल्या 'राव'सारखा. पन्नाशीचे, उंच, काटकुळे. तुर्कस्तानात, अनातोलियातल्या एका गावात साहित्याचे शिक्षक होते. एक छोटं मासिक चालवायचे. त्याचे वाचक फार नव्हते, पण त्यांतले काही पोलिसात होते. ऐंशी साली लष्कराने सत्ता घेतली तेव्हा नेजातबेंची नोकरी गेली, खटला उभा राहिला, आणि अटकेच्या आधी ते बाहेर पडले. कुणा जुन्या प्राध्यापकाच्या ओळखीने जवळच्या एका कॉलेजात त्यांना तुर्की शिकवायचं काम मिळालं. विद्यार्थी तीन. एकाला परराष्ट्र खात्यात जायचं होतं, दुसऱ्याला जुने गालिचे विकायचे होते आणि तिसरा एका तुर्की मुलीच्या प्रेमात होता. मुलीने नकार दिल्यावर त्याने भाषाही सोडली. "प्रेमाला व्याकरण झेपत नाही," असं नेजातबे म्हणत. वर्ग चालू राहील का, असं विचारलं की म्हणत, "इन्शाल्ला." देव मानत नाही आणि वाक्यागणिक त्याचं नाव घेतो, हे मी एकदा हसून दाखवून दिलं. त्यावर त्यांनी मला इतकंच विचारलं, की परवा किल्ली सापडली तेव्हा 'देव पावला' कोण म्हणालं.

हा माणूस कादंबरी लिहीत होता. त्या काळात आमच्या ओळखीत कादंबरी लिहिणारे पुष्कळ होते. हृदयरोगतज्ज्ञ लिहीत होते, पुलांचे इंजिनिअर लिहीत होते. त्या सगळ्यांच्या कादंबऱ्या विमानात सुरू होत आणि आईच्या आजारपणात संपत. नेजातबेंची त्यांपैकी नव्हती. अनातोलियातलं गाव, घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले जर्दाळू, मशिदीच्या इमामाची मुलगी झेहरा आणि शहरातून आलेला डाव्या विचारांचा शिक्षक सालिह. दोघं प्रेमात पडतात आणि मग गावातले सगळे पक्ष, सगळे देव आणि सगळे काका मधे पडतात. श्रद्धा, प्रेम आणि राजकारण. मी म्हटलं, विषय मोठा आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे हे तीन विषय नाहीत. एकाच टेबलावर जेवणारं एक कुटुंब आहे, आणि जेवताना भांडणारं."

त्यांची लिहिण्याची रीत मजेशीर होती. प्रत्येक प्रकरण आधी कुणालातरी तोंडी सांगायचं, मग लिहायचं. ऐकणारा शक्यतो पुस्तकं न वाचणारा असावा, अशी अट. "वाचणारे लोक सभ्य असतात," ते म्हणत, "कंटाळा आला तरी मान हलवतात. मला कंटाळा आला की उठून जाणारा माणूस पाहिजे." मी भरपूर वाचत असल्यामुळे बाद झाले. श्रीधर दोन प्रकरणांत झोपला. झोपणं हे उठून जाण्याइतकं प्रामाणिक असलं तरी उपयोगाचं नव्हतं. आणि मग त्या वर्षी दसऱ्यानंतर माझ्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या.

सासूबाई नऊवारी नेसत, पायात श्रीधरने घेतलेले बूट घालत आणि थंडीसाठी डोक्याला हनुवटीखाली गाठ मारून लोकरी स्कार्फ बांधत. अशा वेषात त्यांना अंगणात पानं गोळा करताना नेजातबेंनी पाहिलं आणि थेट तुर्कीत बोलायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, गावाकडची कुणी बाई आली. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत सांगितलं, "घरात सून आहे, तिला विचारा." दुसऱ्या दिवसापासून त्या 'तेयझे' झाल्या, म्हणजे मावशी. त्याही त्यांना 'नेजातराव' म्हणू लागल्या.

अशा प्रकारे आमच्या स्वयंपाकघरात तुर्की कादंबरी रचली जाऊ लागली. नेजातबे इंग्रजीत सांगत, मी मराठीत सांगे, सासूबाई भाजी निवडत ऐकत. कंटाळा आला की खरंच उठून कुकर लावायला जात. मग नेजातबे त्या जागी एक खूण करत आणि ते पान काढून टाकत. सालिहचं जमीनसुधारणेवरचं बारा पानी भाषण असं एका कुकरमध्ये गेलं.

"हा सालिह पगार कुणाला देतो?" एकदा सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"आईला देतो, की स्वतःजवळ ठेवतो? क्रांती करीन म्हणतो, आणि आई कुठाय त्याची? गोष्ट सुरू होऊन दोन महिने झाले."

नेजातबे विचारात पडले. सालिहला आई द्यायची राहिली होती. पुढच्या आठवड्यात ती आली, आणि आली ती अशी की झेहराच्या बापापेक्षा तीच गावात जास्त गाजली. नेजातबे म्हणाले, ही बाई तुमच्या सासूबाईंसारखी बोलायला लागली आहे, तिला थांबवता येत नाही. मी म्हटलं, मलाही येत नाही.

सासूबाईंचं शहाणपण मी वाढवून सांगत नाही. त्यांना कथेतलं राजकारण कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. झेहराचं लग्न सालिहशी व्हावं की नाही यापेक्षा लवकर व्हावं, एवढाच त्यांचा आग्रह होता. इमामाचा तसा काही दोष नाही, पण घरात लग्नाची मुलगी असताना माणसाने इतका वेळ दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू नये, हे त्यांचं मत.

एका संध्याकाळी नेजातबे आले तेव्हा सासूबाई देवाजवळ दिवा लावत होत्या. दिवा लावताना त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले आणि उठताना पदर परत खांद्यावर टाकला. नेजातबे हे टक लावून पाहत राहिले.

"तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"कोणी सांगायला कशाला हवं? देवासमोर तशीच बसू?"

"तुमचे यजमान सांगायचे?"

"ते? त्यांना स्वतःची टोपी सापडत नसे."

"आणि कुणी म्हटलं असतं, की घेऊ नका?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "यांना काय झालंय आज? बरे आहेत ना?"

बरे नव्हते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बायकोबद्दल सांगितलं. तोवर आम्ही त्यांना ब्रह्मचारी नाहीतर विधुर समजत होतो. बायकोचं नाव लेमान. गावच्या इमामाची मुलगी, नंतर जीवशास्त्राची शिक्षिका. लग्न केलं तेव्हा नेजातबेंच्या विचारांना मान देऊन तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. लग्नाचा फोटो त्यांच्या पाकिटात होता. फोटोतली लेमान हसत होती, मागे तिचे वडील हसत नव्हते. ऐंशीनंतर नेजातबे पळाले, लेमान मागे राहिली, आणि काही महिन्यांतच तिने रुमाल पुन्हा बांधला. तोवर नव्या सरकारने शिक्षिकांना डोकं झाकायला बंदी केली होती. तिला सांगितलं, रुमाल काढा नाहीतर घरी जा. ती घरी गेली.

"एकाच सरकारने," नेजातबे म्हणाले, "नवऱ्याला देव मानत नाही म्हणून काढलं आणि बायकोला मानते म्हणून. आमच्याकडे पक्षपात नाही."

हे वाक्य त्यांनी पूर्वीही कुठे कुठे वापरलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालेलं होतं. गुळगुळीत नसलेली गोष्ट पुढची होती. त्यांनी तिला फोनवर सांगितलं होतं, की तू इथे ये, पण ते डोक्यावरचं तिथेच ठेवून ये. ती म्हणाली होती, मग मी येत नाही. याला चार वर्षं झाली होती. त्यानंतर फक्त ईदच्या फोनवर एकमेकांची तब्येत विचारत. दोघांचीही तब्येत दरवर्षी उत्तम असे.

तेव्हा मला ती कादंबरी काय आहे ते कळलं. ते एका बाईशी चाललेलं चार वर्षांचं भांडण होतं, आणि त्यात एकाच पक्षाला बोलायची सोय होती.

शेवटचं प्रकरण त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं. सालिह आता दूरच्या शहरात आहे. झेहरा बापाचं घर सोडून रात्रभर आगगाडीने प्रवास करून येते. सालिह फलाटावर उभा. गाडी थांबते, दार उघडतं, झेहरा पायरीवर थांबते, आणि उतरायच्या आधी रुमालाची गाठ सोडते. रुमाल वाऱ्यावर उडून रुळांवर जातो. ती मोकळ्या केसांनी त्याच्याकडे चालत येते. समाप्त.

मला ते दृश्य जरा जास्तच वाऱ्यावर उडाल्यासारखं वाटलं, पण मी वाचणाऱ्यांपैकी, म्हणजे सभ्य. मी मान हलवली.

सासूबाई लसूण सोलत होत्या. "मग?"

"मग काही नाही. संपलं."

"संपलं कसं? रात्रभर गाडीत बसून आली ना पोरगी? तिला विचारलं का यानं, जेवलीस का म्हणून?"

"तेयझे, हे प्रतीक आहे," नेजातबे म्हणाले. प्रतीकाला मराठीत प्रतीकच म्हणतात, तरी मला ते सासूबाईंना समजावता आलं नाही.

"असू दे. पोरगी उपाशी आली आणि हा तिच्या डोक्याकडे बघत उभा राहिला. असल्याशी कशाला लग्न करायचं?" एवढं बोलून त्या कुकर लावायला उठल्या.

नेजातबेंनी या वेळी खूण केली नाही. म्हणाले, शेवटच्या प्रकरणाचा अधिकार लेखकाचा असतो.

पाडव्याला आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. अध्यक्ष डॉक्टर दामले. हृदयरोगतज्ज्ञ, आणि वर सांगितलेल्या विमानात सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांपैकी एकीचे लेखक. आमच्या शेजारी एक तुर्की लेखक राहतात हे त्यांना कळलं आणि मंडळाच्या कार्यक्रमाला आंतरराष्ट्रीय स्वरूप आलं. नेजातबेंनी शेवटचं प्रकरण तुर्कीत थोडं वाचावं आणि मी त्याचं मराठी वाचावं, असं ठरलं. नेजातबेंना वाचायची हौस होती. सहा वर्षांत त्यांना स्वयंपाकघराबाहेर श्रोता मिळाला नव्हता.

शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. आधी लहान मुलांचा नाच झाला. मग दामले बोलायला उभे राहिले. "साहित्य म्हणजे समाजाच्या छातीवर ठेवलेला स्टेथोस्कोप," ते म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं तो काढलाच नाही. त्यांनी नेजातबेंची ओळख 'जगप्रसिद्ध कादंबरीकार' अशी करून दिली. नेजातबेंची एकही कादंबरी प्रसिद्ध झालेली नव्हती, मग ती जगात होवो की गावात. नंतर शाल आणि श्रीफळ. नेजातबेंनी शाल पांघरली, नारळ हातात घेतला, कानाजवळ हलवून पाहिला आणि हळूच मला विचारलं, "हा वाचून झाल्यावर परत करायचा का?"

मी म्हटलं, "नाही, हा फोडतात."

"सगळ्यांसमोर?"

वाचन चांगलं झालं. म्हणजे फारच चांगलं झालं. रुमाल रुळांवर उडाला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. काही लोक उभे राहिले. दामल्यांनी मायक्रोफोन घेतला. "याला म्हणतात सुधारणा. अभिमानाने सांगतो, आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी झालं. आपली स्त्री केव्हाच मुक्त झाली." त्यांच्या पत्नी त्या वेळी मागच्या खोलीत तीनशे बटाटेवडे तळत होत्या, त्यामुळे हे त्यांना ऐकू आलं नाही.

खाण्याच्या वेळी लोक नेजातबेंभोवती जमले. मी भाषांतर करत होते. एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या बायकांनी हे असं करायलाच पाहिजे, शाब्बास. 'त्यांच्या' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो इंग्रजीत आणायची गरज पडली नाही. नेजातबेंना तो आपोआप कळला. एक बाई म्हणाल्या, फारच करेजस, त्या बिचाऱ्या बायकांची मला इतकी दया येते. तिसऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुमच्यात चार बायका असतात ना?

"माझ्यात एक होती," नेजातबे म्हणाले.

परतताना गाडीत ते मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी बसले होते, मांडीवर नारळ. रूट वनवर सिग्नलला थांबलो तेव्हा बोलले.

"त्या गृहस्थांना माझ्या लोकांचा राग आहे. त्या बाईंना कीव आहे. दोघांनी एकाच जागी टाळी वाजवली."

श्रीधर म्हणाला, "अहो, पण स्टँडिंग ओव्हेशन मिळालं तुम्हाला."

"हो. आणि लष्कराचे सेनापती असते तर तेही उभे राहिले असते. त्यांनीही लेमानला हेच सांगितलं होतं. रुमाल काढा." सिग्नल हिरवा झाला. मग म्हणाले, "आधी मी सांगितलं, मग त्यांनी. नंबर माझा पहिला."

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणताहेत? मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तो नारळ त्यांच्याकडे फुटायचा नाही. उद्या घेऊन या म्हणावं, मी फोडून देते."

दुसऱ्या दिवशी रविवार. नेजातबे नारळ घेऊन आले आणि आमचा फोन वापरू का, असं विचारलं. ईद नव्हती. तुर्कस्तानात दुपार झाली होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवर ते उभ्याने बोलले, अगदी थोडा वेळ. सासूबाई नारळ खोवत होत्या. त्यांना तुर्कीचा एक शब्द कळत नव्हता आणि काय चाललंय ते सगळं कळत होतं. खोवण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी हात थांबवला होता.

फोन ठेवून ते खुर्चीवर बसले.

"मी म्हटलं, जशी आहेस तशी ये."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, विचार करीन." मग कपाळ पुसत त्यांनी आपली आवडती म्हण सांगितली, "घाईच्या कामात सैतान लुडबुडतो."

सैतानाला लेमानबाईंनी फारसा वाव दिला नाही. पासपोर्ट, व्हिसा, सगळं धरून त्या जूनमध्ये आल्या. मधल्या काळात नेजातबेंनी शेवट बदलला. नव्या शेवटात झेहरा रुमाल बांधूनच उतरते, सालिह पुढे होतो, तिच्या हातातली पिशवी घेतो आणि विचारतो, "आच मिसन?" म्हणजे भूक लागली आहे का? त्यांनी हा शेवट सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो मंजूर केला आणि ते दोन शब्द उचलले. त्यानंतर नेजातबे दारात दिसले की त्या ओट्यापासूनच विचारत, "नेजातराव, आच मिसन?" आणि उत्तर काहीही आलं तरी वाढत.

विमानतळावर न्यायला आम्ही गेलो, कारण नेजातबेंना गाडी चालवता येत नव्हती. सासूबाईंनी पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली होती. वाटेत नेजातबे ते दोन शब्द पुटपुटत होते. आपल्याच कादंबरीतलं वाक्य पाठ करणारा लेखक मी पहिल्यांदाच पाहत होते. टाय त्यांनी तीनदा सोडून बांधला.

प्रवासी बाहेर यायला लागले. पुष्कळ लोक आले आणि गेले. मग करड्या कोटातली, डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक ठेंगणी बाई ढकलगाडी घेऊन आली. फोटोतल्यापेक्षा बरीच मोठी दिसत होती, पण तीच. नेजातबे उभे राहिले होते तसेच राहिले. फुलं हातात उलटी धरलेली. मी पाठीमागून त्यांना हलकेच ढकललं, पण खांब ढकलल्यासारखं वाटलं. पुढे जाणं नाही, पिशवी घेणं नाही, तोंडातून शब्द नाही. त्यांचे डोळे मात्र कुठे आहेत ते मला दिसत होतं. ते तिच्या डोक्याकडे बघत नव्हते. चेहऱ्याकडे बघत होते.

लेमानबाईंनी गाडी थांबवली. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, कोट खांद्यावर लोंबत होता. आणि त्यांनी विचारलं, "आच मिसन?"

नेजातबे रडायला लागले. श्रीधरला काही कळेना. "क्या हुआ? त्या काय म्हणाल्या?" असं तो मला विचारत राहिला. पोळीभाजी आम्ही विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीतच खाल्ली.

पुढचं वर्षभर ती दोघं त्या वरच्या खोलीत राहिली आणि अखंड भांडली. भिंती पातळ होत्या, म्हणून सांगते. पण ते भांडण आता दोन्ही बाजूंनी होत होतं, आणि ऐकायला बरं वाटायचं. मी एकदा लेमानबाईंना विचारलंच, की रुमाल सोडला का आणि परत बांधला का. त्यांना तोवर कामापुरतं इंग्रजी येऊ लागलं होतं. त्या हसल्या. "ते त्याला विचारा. सहाशे पानं लिहिली आहेत, त्यात असेलच कुठेतरी." मी विचारलं. नेजातबे म्हणाले, कुठेही नाही, आणि आता मी ते लिहिणारही नाही, कारण मी तिला अजून विचारलेलं नाही. "घाई काय आहे? इन्शाल्ला, म्हातारपणी विचारीन."

सासूबाई मुक्काम वाढवून राहिल्या होत्या, त्या लेमानबाई आल्या त्याच उन्हाळ्यात परतल्या. पुढच्या वर्षी खटला निकालात निघाला आणि नेजातबेंना देशात परतायला मोकळीक मिळाली. निघाले तेव्हा ऑगस्ट होता. सामान गाडीत भरलं. श्रीधर त्यांना सोडायला निघाला आणि मी घरातून जग भरून आणला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण पाणी ओतायला विश्वास लागत नाही हे मला सांगण्यात आलं होतं. गाडी वळली, मी जग रिकामा केला. उन्हात ते पाणी पाच मिनिटांत वाळलं. ती दोघं परत कधी आली नाहीत. म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. खरं ठरल्याचा एवढा कमी आनंद मला क्वचितच झाला असेल.

काही वर्षांनी पुस्तक आलं. पाकिटावर अक्षर लेमानबाईंचं होतं. आत इंग्रजीत चार ओळी होत्या. छापून झालेलं पुस्तक नेजातबेंनी हातात घेतलं होतं, वास घेतला होता, दोन चुका काढल्या होत्या आणि त्यानंतर महिन्याभरात ते गेले. कॅन्सर होता, कुणाला सांगितलं नव्हतं. मला तुर्की येत नाही. मी शेवटचं पान उघडलं. एवढ्या सगळ्या अक्षरांत मला ओळखू येणारे दोनच शब्द होते आणि त्यांच्या शेजारी नाव होतं. झेहराचं. ती उतरते आणि ती विचारते. छापायला देण्यापूर्वी त्यांनी शेवट आणखी एकदा बदलला होता.

त्या हिवाळ्यात साताऱ्याला गेले तेव्हा पुस्तक बरोबर नेलं. सासूबाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला, जाडी पाहिली, आणि नेजातराव गेल्याचं ऐकून ते कपाळाला लावलं. मग म्हणाल्या, "शेवट तोच ठेवला का?"

"जवळजवळ. आता ती विचारते त्याला."

"बरं केलं. त्याला कुठलं सुचायला." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मग जेवली का दोघं?"

त्या दोन शब्दांच्या खाली अजून अर्धं पान मजकूर होता. त्यात काय लिहिलं आहे ते मला आजही माहीत नाही.

"जेवली," मी म्हटलं.